मावशीच्या बोटांचे ठसे

बाळंतपणाच्या वॉर्डात तिला सगळे मावशीच म्हणत. डॉक्टर म्हणत, झाडूवाले म्हणत, तिच्याहून वयाने थोरल्या मेट्रनबाईसुद्धा म्हणत. नव्या बाळाला पहिली आंघोळ घालायची, हे तिचं काम. पाणी कोपराने बघायची. बाळाची मान डाव्या मनगटावर, त्याच हाताच्या बोटांनी पलीकडचा दंड धरलेला, आणि उजवा हात मोकळा. बाळ कितीही किंचाळत आलं तरी पाण्यात उतरलं की गप्प व्हायचं. शिकाऊ नर्स विचारायच्या, मावशी, तुम्ही करता तरी काय? ती म्हणायची, काही नाही, त्याला वाटतं पुन्हा आत चाललो.

सारी हयात गरम पाणी, साबण आणि जंतुनाशकात गेली. त्याने तिच्या बोटांची कातडी इतकी गुळगुळीत झाली होती की बँकेतला कारकून गमतीने म्हणे, मावशी, तुम्ही चोरी केलीत तर पोलिसांना हात हलवत परत जावं लागेल. ती हसून सोडून द्यायची.

नवरा रंगारी. घरं रंगवायचा, पण कंबर गेल्यापासून आता फक्त खिडक्या आणि दारं. मूल एकच, तेही लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघायला लावून झालेलं. त्या लेकीला दोघं बबडी म्हणत. बबडी दातांच्या कवळ्या बनवायचं शिकली आणि परदेशात एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिथेच जहाजावरच्या एका वेल्डरशी तिची ओळख झाली आणि लग्न झालं. जावई माणूस चांगला, फक्त तो घरी कमी आणि समुद्रावर जास्त.

बबडीला दिवस गेले आणि पहिले काही महिने सगळं सुरळीत होतं. मग रक्तदाब चढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायला मनाई केली, कामावर जायलाही मनाई केली, पडून राहा म्हणाल्या. जावयाने कंपनीकडे रजा मागितली. करार संपेपर्यंत उतरता येणार नाही, असं उत्तर आलं. बबडी तशी हट्टी, कधी काही मागणारी नव्हे. पण त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली, “आई, तू ये.”

मावशीने तोवर पासपोर्ट पाहिलासुद्धा नव्हता. तो काढला. मग व्हिसा. फार काही मोठं मागायचं नव्हतं, थोड्या मुक्कामाचा, पाहुणी म्हणून जाऊन यायचा. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं, तिथला दुकानदार असले अर्ज भरून द्यायचा. अर्जात विचारलं होतं, मुक्काम संपल्यावर तुम्ही परत याल हे कशावरून? मावशी म्हणाली, घरी नवरा आहे म्हणून. रंगारी शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “हे लिहू नका. त्यांना वाटेल, मग तर ती येणारच नाही.” तिघंही हसली. त्या वेळी हसायला येत होतं. बाळंतपणाला पुष्कळ अवकाश होता, जाण्यायेण्याच्या तारखा बांधून तिकीट घेतलं होतं, मेट्रनबाईंनी रजा मंजूर केली होती.

अर्ज घ्यायचं केंद्र एका काचेच्या इमारतीत होतं. एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, हाडं गारठवणारा एसी, भिंतीवर नंबर दाखवणारा पडदा. तिथे फोटो काढला आणि बोटांचे ठसे घेतले. ठसे घेणाऱ्याने काच पुसली, तिची बोटं पुसली, जरा जोरात दाबा म्हणाला, मग आणखी जोरात दाबा म्हणाला. यंत्रावर तांबडा दिवा लागत राहिला. शेवटी मागची रांग बघून त्याने कुठलं तरी बटण दाबलं आणि म्हणाला, झालं, या. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. मावशी घरी आली आणि बॅग भरायला लागली.

मग वाट बघणं सुरू झालं.

फोनच्या पडद्यावर अर्जाचा नंबर टाकला की एकच वाक्य यायचं, अर्ज प्रक्रियेत आहे. रंगारी सकाळी चहाच्या आधी ते बघायचा आणि फोन उपडा ठेवायचा. चौकशीच्या नंबरावर आधी संगीत लागायचं, मग एक बाई सांगायची की सध्या अर्ज फार आलेत, उशीर होतोय, कृपया धीर धरा, आणि फोन कट व्हायचा. मावशी ड्यूटी संपली की केंद्रावर जायची. दारावरचा पहारेकरी तिला ओळखायला लागला. नंबर नसेल तर आत सोडायचं नाही असा नियम होता, तरी तो तिला सोडायचा. आत खिडकीतली मुलगी तेच वाक्य वाचून दाखवायची. वर जोडायची की निर्णय आमच्याकडे नसतो, आम्ही फक्त अर्ज पुढे पाठवतो.

“पुढे म्हणजे कुठे?” मावशीने एकदा विचारलं.

“ते आम्हालाही ठाऊक नसतं,” ती म्हणाली. उर्मटपणे नाही, खरं तेच.

तिकिटावरची जायची तारीख आली आणि गेली. मावशी त्या दिवशी कामावर गेली. बॅग भरलेलीच पलंगाखाली राहिली.

एकदा खिडकीतल्या मुलीने नेहमीचं वाक्य वाचलं, मग जरा थांबली, पडदा खाली-वर केला आणि म्हणाली, “मावशी, तुमचे ठसे नीट आलेले नाहीत. त्यांनी पुन्हा मागितलेत. हे तर कधीच कळवलंय तुम्हाला.” कळवलं होतं ते ईमेलवर, आणि मावशीचं ईमेल म्हणजे झेरॉक्सवाल्याचं. तो रोज शंभर भानगडींत, त्याने ते उघडून पाहिलंच नव्हतं. इतके दिवस ते लोक तिकडे तिची वाट बघत होते आणि ती इकडे त्यांची. मावशीला कुणावर चिडावं ते कळेना. ती खुर्चीत बसून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

पुन्हा ठसे द्यायला लगेच वेळ मिळाली नाही. मिळाली ती बऱ्याच दिवसांनंतरची. मुलीने सांगितलं, तोवर हात पाण्यात घालू नका, मलम लावा, थोड्या रेघा परत येतात. मेट्रनबाईंनी तिला आंघोळीच्या कामावरून काढून कपड्यांच्या खोलीत बसवलं. दुपट्यांच्या घड्या घालायच्या, चादरी मोजून द्यायच्या. घरी भांडी रंगारी घासू लागला. त्याच्या हातची भांडी साबणाची चव घेऊन यायची, पण कुणी तक्रार करत नव्हतं. वॉर्डात नवी मुलगी बाळांना आंघोळ घालायची. बाळं रडायची आणि मावशी दाराशी हात मागे बांधून उभी राहायची.

ती अशाच एका दिवशी चादरी मोजत होती तेव्हा रंगारी हॉस्पिटलात आला. तो कधी तिकडे येत नसे. त्याला जिन्यात बघताच तिने हातातली चादर खाली ठेवली.

“मुलगी झाली,” तो म्हणाला. “पोट फाडून काढली. वेळेच्या आधी. मायलेकी दोघी आहेत.”

दोघी आहेत, एवढं ऐकून ती दुपट्यांच्या ढिगावर बसली. बबडीला घरात एकटी असताना रक्तदाबाने झटका आला होता. वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, शिवणकाम करायच्या. त्यांना खाली काही पडल्याचा आवाज आला म्हणून त्या धावल्या, म्हणून ती वाचली. भाषा एकमेकींची येत नव्हती. त्या आजीच तिच्याबरोबर गाडीतून हॉस्पिटलात गेल्या होत्या.

ठरल्या दिवशी मावशीने पुन्हा ठसे दिले. या वेळी हिरवा दिवा लागला. एकेका बोटाला लागला. ठसे घेणाऱ्याने मान वर करून पाहिलं तर बाई रडत होती. आता होईल, असं तिला वाटलं. रंगाऱ्यालाही वाटलं. पडद्यावर मात्र तेच वाक्य.

बबडी घरी आली. बाळही थोड्या दिवसांनी घरी आलं. आता रोज फोनवर चित्र दिसायचं. बबडी फोन कशाला तरी टेकवून ठेवायची आणि समोर बसायची. सुरुवातीला मावशी नातीकडेच बघायची. मग तिचं लक्ष लेकीकडे गेलं. केस तसेच, अंगात तोच सदरा, आणि डोळे भिंतीवर. बाळ रडायचं आणि ती ऐकूच येत नसल्यासारखी बसून राहायची. मावशीने असल्या बायका वॉर्डात पाहिल्या होत्या. कुशीवर वळून पडतात, बाळ आणलं तरी वळत नाहीत. लोक म्हणतात थकलीय, नाजूक आहे, होईल सवय. मावशी तसं कधी म्हणत नसे. ती सरळ जाऊन डॉक्टरांना उठवायची.

“बबडे, तिला घे ना जरा,” ती फोनवर म्हणायची.

“घेते.”

आणि घ्यायची नाही. मावशी इकडे हात पुढे करायची, फोन समोर आहे हे विसरून.

एका संध्याकाळी बबडी आपणहून बोलायला लागली. आवाज अगदी शांत होता, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसा. “आई, मी नसले ना, तर हिला कुणीतरी नीट बघेल. माझ्याकडून नाही होत. मी सारखा तोच विचार करते. आता तर वाईटही वाटत नाही त्याचं.”

रंगारी बाजूलाच उभा होता. मावशी लेकीला म्हणाली, तू अशीच माझ्यासमोर बस, उठू नकोस, फोन ठेवू नकोस. आणि नवऱ्याच्या फोनवरून तिने वरच्या मजल्यावरच्या आजींना लावला. नंबर बाळंतपणाच्या वेळी आला होता. चित्रात एक पांढऱ्या केसांची बाई दिसली, गळ्यात मापाची फीत. मावशीला तिची भाषा येईना, तिला मावशीची. मावशीने बोट खाली दाखवलं, दोन्ही हातांचा झोका करून दाखवला, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मान जोरात नकारार्थी हलवली. पुन्हा खाली बोट. हात जोडले. आजींनी फीत काढून टाकली, आणि जिन्यावरून सपाता उतरत असल्याचा आवाज मावशीला आधी एका फोनमध्ये आणि मग दुसऱ्या फोनमध्ये ऐकू आला. बबडीच्या चित्रात दार उघडलं. आजी आल्या, त्यांनी बाळाला एका हाताने उचललं आणि दुसरा हात बबडीच्या डोक्यावर ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

त्या रात्री त्या खालीच झोपल्या. दुसऱ्या दिवशी बबडीला दवाखान्यात घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या, घरी येऊन बघणारी नर्स ठरली, पण ती यायची आठवड्यातून एखाद-दोनदा. आजींनाही पोटापाण्याचं काम होतं. उरलेला वेळ बबडी, बाळ आणि भिंत.

त्या फोननंतरच्या सकाळी केंद्र उघडायच्या आधी मावशी दारात उभी होती. वेळ घेतलेली नव्हती, नंबर नव्हता. पहारेकऱ्याने तिचा चेहरा बघितला आणि बाजूला झाला. ती सरळ खिडकीशी गेली.

“माझी लेक जगायचं नाही म्हणतेय,” ती म्हणाली. “मला भांडायचं नाही. फक्त हे कुणाला सांगायचं ते सांगा. ज्याला सांगायचं त्याची खिडकी कुठे आहे?”

खिडकीतल्या मुलीने इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “मावशी, तशी खिडकीच नाही.”

“फोन?”

“आम्हालाच नाही. आम्ही इथून पाठवतो, तिकडून पासपोर्टांची पिशवी येते. मधलं काही आम्हाला दिसत नाही.”

मावशीने विचारलं, पासपोर्ट परत घेतला तर? मुलगी म्हणाली, अर्ज रद्द होईल, सगळं पहिल्यापासून. म्हणजे पुढे रस्ता नाही आणि मागे आलं तर रांगेचं शेपूट. मावशी तिथून हललीच नाही. आरडाओरडा केला नाही, रडली नाही, पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसून राहिली. नंबर पुकारले जात होते, लोक येऊन जात होते. वरचे साहेब येऊन सांगून गेले की असं बसता येत नाही. ती म्हणाली, मला जाता येत नाही म्हणूनच बसलेय. ते आत गेले. दुपारी खिडकीतली मुलगी जेवण सोडून तिच्या शेजारी येऊन बसली. तिने सांगितलं, तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागवा, मी ती तातडीचं म्हणून तुमच्या अर्जाला जोडून पाठवते. कुणी वाचेल का ते सांगू शकत नाही. पाठवते मात्र नक्की.

संध्याकाळी दिवे मालवायला लागले तेव्हा पहारेकरी पाण्याचा पेला घेऊन आला. “उद्या या, मावशी,” तो म्हणाला. “मी हाकलत नाही. दार बंद होतंय.”

चिठ्ठी आली, जोडली, गेली. आणि पुन्हा तेच. मावशी आता रोज ठरल्या वेळी फोनसमोर बसायची, बबडी बोलो न बोलो. रंगारी तिच्या मागे उभा राहून विनोद करायचा, जुने, शंभरदा सांगितलेले. एकदा बबडीचा ओठ जरा हलला, त्यावर त्याने आठवडा काढला. दोघांची झोप गेली होती. फोन लगेच उचलला नाही की मावशी पुन्हा पुन्हा लावत राहायची. तिला वाटायचं, आता ते वाक्य बदललं काय आणि न बदललं काय, आपण पोचेपर्यंत उशीर झालेला असणार.

मग एका सकाळी ते बदललं. पासपोर्ट घेऊन जा.

खिडकीतल्या मुलीने पाकीट हातात देताना स्वतःच आधी उघडून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “तारखा बघा, मावशी.” व्हिसा दिला होता, पण अर्जात मागितलेल्या जुन्या तारखांचाच. तो केव्हाच सुरू झाला होता आणि संपायला जेमतेम आठवडा उरला होता. वाढवून मिळेल का? नाही. नवा मागायचा तर नवा अर्ज.

“आठवडा तर आठवडा,” मावशी म्हणाली.

पहिल्या मिळालेल्या विमानाने ती गेली. उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने शिक्क्याकडे पाहून काहीतरी विचारलं. इतक्याच दिवसांसाठी का, असंच असावं. मावशी त्याला मराठीत म्हणाली, “तुम्हीच एवढे दिलेत.” त्याला कळलं नाही. त्याने शिक्का मारला.

बबडीने दार उघडलं आणि नुसती बघत राहिली. मिठी नाही, रडणं नाही. खोलीत पडदे ओढलेले, दुधाच्या बाटल्या मोरीत आंबलेल्या. बाळाच्या मानेच्या घडीत दूध साचून कातडी लाल झाली होती. आजी वरून खाली आल्या होत्या. मावशीने नातीला छातीशी धरलं, तिच्या टाळूला नाक लावलं, आणि मग तिला आजींच्या हातात दिलं. आजी चमकल्या. मावशीने बाही वर सारली आणि लेकीला न्हाणीघरात नेलं.

तिने पाणी कोपराने बघितलं. बबडीला लाकडी स्टुलावर बसवलं, सदरा काढला. पोटावरची जखम नीट भरली होती. केसांत गाठी होत्या, त्या एकेक सोडवल्या. पाठ चोळली, कानामागे चोळलं, पायाची बोटं चोळली. तिसऱ्या तांब्याला बबडीचे खांदे हलायला लागले. मग तिने आईच्या ओल्या पोटाला डोकं लावलं आणि ती रडली, मोठ्याने, वॉर्डात नवी बाळं रडतात तशी. जिन्यातही ऐकू गेलं असेल. मावशी पाणी घालत राहिली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला नीट सांगता येत नाही. ती झोपली नाही, एवढं मात्र खरं. पडदे उघडले. बाळाची आंघोळ ती रोज बबडीच्या शेजारी बसून घालायची. आधी बबडी नुसती बघायची. मग टॉवेल धरायला लागली. मग एका सकाळी मावशीने लेकीचं डावं मनगट बाळाच्या मानेखाली सरकवलं आणि आपला हात काढून घेतला. बबडी घाबरली, पण सोडलं नाही.

आणि आठवडा संपत आला. आदल्या संध्याकाळी बबडीने विचारलं, “नको जाऊस. कोण येतंय इथे तुला शोधायला?”

हे मावशीने पहिल्या दिवसापासून मनात घोळवलं होतं. आजींनीही खाणाखुणांनी तेच सुचवलं होतं, पासपोर्टाकडे बोट दाखवून हात झटकून. राहणं अवघड नव्हतं. पण राहिली तर पुन्हा कधी येता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि बबडीचा तिथे राहायचा परवानाही नूतनीकरणाला पडलेला होता, त्यावर आईचा डाग नको होता.

“आज राहिले तर जन्मभर येता येणार नाही,” ती म्हणाली. “गेले तर पुन्हा मागता येईल.”

“आणि तोवर?”

मावशीने लेकीचे हात हातात घेतले. तिने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, “तोवर आजी आहेत, नर्स आहे, गोळ्या आहेत. मी फोनवर आहे. वाईट विचार आला की मला सांगायचं, विचार येतो त्याच वेळी सांगायचं. मी काम टाकून उचलेन.” बबडीने मान हलवली. पटल्यासारखी नाही, थकल्यासारखी. सकाळी ती दारापर्यंतच आली. जिन्यातून मावशीने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती उतरलीच नसती.

परत आल्यावर तिने त्याच आठवड्यात नवा अर्ज दिला, या वेळी ईमेल मेट्रनबाईंचं. पुढे बरेच महिने गेले आणि त्याला नकार आला. कारणाच्या जागी छापील ओळ होती, परत येण्याच्या हेतूबद्दल खात्री पटत नाही. ती परत आली होती, मुदतीच्या आत, लेकीला तशा अवस्थेत सोडून. रंगाऱ्याने ती ओळ वाचली आणि या खेपेला त्याला विनोद सुचला नाही.

बबडी हळूहळू सावरतेय. जावई करार संपवून जहाजावरून उतरला, आता किनाऱ्यावरच काम बघतोय. अजूनही काही दिवस असे येतात की ती फोन उचलते आणि बोलत नाही. तेव्हा मावशी, ठशांपायी अजून कपड्यांच्या खोलीतच असलेली, चादरीची घडी तशीच टाकून वॉर्डाच्या जिन्यात जाऊन बसते आणि तीही न बोलता फोन कानाला धरून ठेवते. गेल्या आठवड्यात बबडीच म्हणाली, तुला नाही येऊ देत तर मी येते, हिला घेऊन. बाळाचा पासपोर्ट आणि तिचा परवाना, दोन्ही यायचे आहेत. कधी येतील ते अजून कुणी सांगितलेलं नाही.